भाऊजींचं खरं माप

आमच्या भाऊजींइतका मापाचा पक्का माणूस बालाघाट जिल्ह्यात दुसरा नाही, आणि सीमेपलीकडच्या गोंदियात असला तर तो यांच्याकडूनच शिकून गेला असणार. मी त्यांचा सख्खा साळा असूनही हे सांगतो आहे, म्हणजे खरंच समजा. लांजीच्या बाजारात त्यांनी वीस वर्षं धान मोजलं. पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणायचं, मग 'दोन, तीन' हा मापाऱ्यांचा रिवाज. तो त्यांच्या अंगात इतका मुरला की ताटातली पहिली पोळीही ते 'लाभ' म्हणून घेतात. ताईचा चहा बोटभर कमी पडला की कप उंच धरून गंभीरपणे विचारतात, "म्हैस आटली का वं?"

सहा वर्षांपूर्वी छपरावरची कवेलू, म्हणजे कौलं, फेरताना ते पडले. मणक्याला मार बसला, कमरेखालचं अंग गेलं आणि घरात चाकाची खुर्ची आली. स्वभाव मात्र तसूभर हलला नाही. दारापासून नळापर्यंत चाकाला किती धक्के लागतात, हे त्यांनी पहिल्याच दिवशी मोजून ठेवलं.

मग नागपूरहून एक फिजिओथेरपिस्ट बाई येऊ लागल्या. खुर्चीवरची माणसं दिवसभरात किती हालचाल करतात, हे त्यांना मोजायचं होतं. साधं घड्याळ पावलं मोजतं, म्हणजे भाऊजींच्या नावावर कायमचा भोपळा. म्हणून बाईंनी आमच्या भागातल्या बारा जणांच्या मनगटावर हाताचे धक्के मोजणारा पट्टा बांधला. महिनाभराने भाऊजी पहिले आले, तेही दुपटीने. बाई खूश होऊन म्हणाल्या, "तुमचा व्यायाम भरपूर होतोय. आता मी नाही आले तरी चालेल." मी मोहल्ल्यात पेढे वाटून आलो.

दुपारी नेहमीसारखी ओसरीवर मंडळी जमली. भाऊजींच्या हातात ताकद, म्हणून तंबाखू-सुपारीची प्लास्टिकची पन्नी तळहातावर चोळून सगळ्यांचा खर्रा घोटायचं काम त्यांच्याकडेच असे. घोटता घोटता त्यांनी मनगटाकडे पाहिलं. आकडा भराभर चढत होता! खुर्ची जागची हललेली नव्हती.

त्यांनी तडक फोन मागितला. मी हातच धरला. "भाऊजी, काहून सांगून राह्यले तुमी? कोणाले समजते?"

"मले समजते ना," ते म्हणाले आणि फोनवर बाईंना सांगितलं, "बाई, माझं माप खोटं हाय. अर्ध्याच्या वर खर्राच हाय त्यात. खोडून टाका, अन् तुमी येत जा."

ते पहिल्यावरून नवव्यावर आले. बाईंनी मग चाकालाही एक यंत्र लावलं, आणि भाऊजी रोज संध्याकाळी वैनगंगेकडच्या रस्त्याला निघू लागले. मी मागून चालतो. परवा चढावर त्यांचे दंड थरथरायला लागले, खुर्ची थांबली, आणि माझा हात आपोआप खुर्चीच्या मागच्या मुठीवर गेला.

"हात काढ," ते न वळता म्हणाले. "तुझा धक्का माझ्या मापात येईल."

मी हात काढला. ते एकेक धक्का देत वर गेले. मला त्यांचा फार अभिमान वाटला. वाईट एवढंच वाटलं की ते पायांनी चालत होते, तेव्हा मी कधी त्यांच्यासोबत एवढं अंतर चाललो नव्हतो.