हिरामण सुटला

बुवापाड्यात आमच्या भिंतीला भिंत लागून बनूबाईचं घर. ती उल्हासनगर कॅम्प दोनला एका कारखान्यात कपड्यांना काज-बटणं करते. नवरा हिरामण मस्कतला एसी दुरुस्तीचं काम करायचा. सुट्टीवर येताना त्याचं विमान बंदूकवाल्यांनी पळवलं आणि परक्या मुलखात नेऊन उभं केलं. आत माणसं ओलीस.

बनूबाई टीव्हीपुढे बसली ती बसलीच. फोन मांडीवर. मी सकाळी देवपूजा उरकून तिला चहा नेऊन द्यायची, दुपारी तोच कप साय धरलेला उचलून आणायची. सरकारी माणूस फोनवर सांगायचा, "धीर धरा." सासू मोतीबाई देव पाण्यात घालून बसलेली.

त्या दिवशी वीज गेली आणि टीव्ही बंद पडला. तेवढ्यात कोपऱ्यावरचा हरिचंद्र धावत आला. त्याने मोबाईलवर बातमी पाहिली होती. दारातच म्हणाला, "मोतीबाई, हिरामण सुटला," आणि ओंजळीत तोंड घालून रडायला लागला.

मोतीबाईचा नवरा दोन वर्षं अंथरुणावर होता. तो गेला तेव्हा सगळ्यांनी हेच म्हटलं होतं, सुटला बिचारा. तिने हंबरडा फोडला. गल्लीतल्या बायका जमल्या. कोणीतरी बनूबाईचे हात धरून उंबऱ्यावर आपटले. हिरव्या काचा माझ्या पायापर्यंत आल्या. बनूबाईच्या डोळ्यांत टिपूस नव्हता.

"अहो, हे काय करताय?" हरिचंद्र ओरडला. "सुटला म्हणजे विमानातून सुटला. जिवंत आहे."

"मग तसं बोलायला काय झालं होतं रे मेल्या?" मोतीबाईने रडतच त्याला चप्पल फेकून मारली. बायका हसल्या. बनूबाईच्या मनगटातून रक्त येत होतं.

हिरामण आला. घरी सत्यनारायण झाला. दाराची कडी लावली की तो उठून काढायचा, एवढं सोडलं तर ठीक होता. दोन महिन्यांनी मस्कतच्या मालकाचा फोन आला. हिरामणने बॅग काढली.

मी आमच्याकडच्या पूजेच्या प्रसादाचा शिरा द्यायला गेले होते, तेव्हाचं हे.

"जाऊ नका," बनूबाई म्हणाली.

"रोज रोज विमानं पळवत नाहीत, बनू."

"विमानाचं नाही म्हणत मी." ती कपड्यांच्या घड्या घालत होती. "माझ्या बांगड्या फोडल्या ना, तेव्हा मला रडू नाही आलं. वाटलं, चला, आता फोनकडे बघत बसायला नको. बरं वाटलं मला. तुम्ही मेलात असं समजून बरं वाटलं. परत वाट बघायला लावलीत तर परत तसंच वाटेल."

कोपऱ्यात जप करत बसलेल्या मोतीबाईची माळ थांबली. हिरामणने बॅगेतले कपडे काढून खाटेवर ठेवले.

आता तो इथेच अंबरनाथच्या एमआयडीसीत कामाला जातो. पगार निम्म्याहून कमी, त्यावरून मोतीबाईची कुरकुर असते. बनूबाई बोलत नाही. त्याला यायला उशीर झाला तर ती त्याचं ताट झाकून ठेवते, स्वतः जेवते आणि झोपते.