न लावलेला फोन

अड्याळच्या विणकर मोहल्ल्यात आता माग उरले चार. त्यामुळे एखादा थांबला की सगळ्यांच्या कानाला कळतं. दुपारी एक ते तीन जागेश्वरचा माग थांबायचा. लोक म्हणत, बुडगा झोपत असंल.

म्हातारा झोपत नसे. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून, हातात धोटा धरून तो बसलेला असे आणि आतल्या खोलीतून चरख्याचा आवाज येई. रुखमिणी सुताच्या कांड्या भरायची तसा. घर्र घर्र, मग सूत तुटल्यासारखी चुप्पी, मग पुन्हा घर्र. आत जाऊन पाहावं तर चरख्यावर बोटभर धूळ. रुखमिणीला जाऊन दीड वर्ष झालं होतं.

तो आवाजाला भ्याला नाही. चाळीस वर्षं जिनं भरलेल्या कांडीवर आपण विणलं, तिला काय भ्यायचं? पण आवाज थांबला की खोलीत जी शांतता पसरे तिच्यात त्याला वाटे, आता ही विचारणार. आणि तिनं विचारलं तर सांगायला त्याच्याकडे एक खोटं होतं. ते त्यानं दुसऱ्या एका बाईला आधीच देऊन टाकलं होतं.

ती बाई म्हणजे डॉक्टरीन मंजुषा. जवाहरनगरची पोर, बाप फॅक्टरीत नोकरीला होता. तिनं बाजारामागं दोन खोल्या भाड्यानं घेतल्या आणि गावाला चक्रावून टाकणारा दवाखाना उघडला. तपासणीची फी नाहीच. दिवाळी झाली की घरामागं सालाचे पैसे एकदा द्यायचे, मग वर्षभर कितीदाही या. घाई नाही, अर्धा अर्धा तास बसा, बोला. फोन करा. उठता येत नसेल तर ती स्वतः स्कुटीवर घरी येणार. बीपी, शुगर तिथंच पाहणार, गोळ्या तिला पडतात त्याच भावात देणार. ऑपरेशन, भरती हे काही त्यात नाही, त्याला भंडारा गाठायचा. पण तिथल्या डॉक्टरशी ती आधी फोनवर बोलणार आणि चिठ्ठी देणार. घरं घेणार तीनशे. त्याच्यावर एक नाही, नाहीतर कोणालाच वेळ पुरणार नाही म्हणे.

जागेश्वरच्या टकुऱ्यात ते शिरेना. “अन् सालभर बिमारच नाही पडलो तं?”

“तं काय रडशीन?” रुखमिणी म्हणाली. तिला बीपीचा त्रास होता, गोळी चुकली की डोळ्यापुढं काजवे नाचायचे. जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला त्या साली ती पहिल्यांदा चक्कर येऊन पडली, तेव्हापासून तिनं दवाखान्याच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. शेवटी तिनंच नवऱ्याला समजेल असं सांगितलं. “आपला न्हावी नव्हता का सालावर? मामाजी धानाच्या पायल्या देऊन देत, मंग सालभर डोस्कं त्याच्या हाती. तसंच हे.”

हे मात्र त्याला चटकन पटलं. दवाखान्याचं कार्ड निघालं, दोघांची नावं त्याच्यावर चढली. घोटाळा झाला तो त्या पटण्यातच. कारण न्हाव्याच्या आठवणीबरोबर त्या मामाजींची, म्हणजे जागेश्वरच्या बापाची, शिकवणही आली. सालावरच्या माणसाला घडीघडी हाक मारायची नाही. आधी धान दिलं म्हणून त्याला राबवून घेणारा हलक्या मनाचा. त्याचा बाप एकदा लग्नाला वाढलेल्या दाढीनिशी गेला होता, पण पाळी नसताना न्हाव्याच्या दारात गेला नाही.

रुखमिणी गेली त्या आठवड्यात सोमवारी तिला गरगरलं. डॉक्टरीन घरी आली, गोळी बदलून गेली. बुधवारी पायावर सूज दिसली. जागेश्वरनं फोन केला, तिनं वीस मिनिटं सगळं विचारून गोळी पुन्हा बदलली. वर म्हणाली, काहीही वाटलं तर लगेच सांगा. शुक्रवारी दुपारी रुखमिणी चरख्यावरून उठली आणि भिंतीला टेकून बसली. जबडा दुखते म्हणाली. लुगड्याची पाठ घामानं भिजली होती.

जागेश्वरनं फोन घेतला. नंबर काढला. अंगठा बटनावर ठेवला. घड्याळात सव्वा एक झाला होता. मनात आलं, सोमवारी आली, बुधवारी बोलली, आता जेवाले बसली असंल. एका हप्त्यात तिसऱ्यांदा. का म्हणंल बाई? कार्ड काढलं म्हणजे विकत घेतलं का मले?

त्यानं फोन खाली ठेवला आणि ओवा-मीठ आणायला उठला. रुखमिणी फोनाकडे पाहत होती.

तीनच्या आधी ती गेली.

कळताच डॉक्टरीन धावत आली. सगळं आटोपल्यावर तिनं एवढंच विचारलं, “भाऊ, मला फोन काहून नाही केला?” आणि जागेश्वरच्या तोंडून निघून गेलं, “लावला होता बाई. लागला नाही.”

त्यानंतर दिवाळीला तो कार्ड बदलून आला. अधूनमधून जायचा, बीपी दाखवायचा, खाली मान घालून परत यायचा. घरी चरखा चालायचा.

मग एकदा बाबूलालच्या चहाच्या टपरीवर गप्पा रंगल्या होत्या. बाबूलाल म्हणजे गावाचं बातमीपत्र. तो सांगत होता, डॉक्टरीननं दुसऱ्या कंपनीचाही फोन घेतला, दोन्ही नंबर लाल शाईनं कार्डावर लिहिते. “न्हाणीतई फोन घेऊन जाते म्हंते. प्लास्टिकच्या पन्नीत गुंडाळून.” लोक खदखदले. बाबूलालनं गाळणी झटकली आणि जागेश्वरकडे वळला. “हासा नोको. तिची माय तिकडं जवाहरनगरले आंथरुनावर हाय, पन येका रातीसाठी गाव सोडत नाही ते. तुह्या घरची गोष्ट लागली तिले, जागेश्वरभाऊ. आपला फोन लागला नाही म्हनून बाई मेली म्हंते.”

जागेश्वरनं चहा तसाच ठेवला.

तो दवाखान्यात गेला तेव्हा तिथं दुसरं कोणी नव्हतं. टेबलावर दोन फोन बाजूबाजूला मांडलेले. डॉक्टरीन बीपीचा पट्टा उचलू लागली तसा तो म्हणाला, “पट्टा राहू द्या. तुमचा फोन चांगला होता, बाई. म्याच लावला नाही.”

तिनं पट्टा खाली ठेवला. “फोन होता जवळ?”

“हातात होता. नंबर काढला होता.”

“मंग?”

“दोनदा झालं होतं त्या हप्त्यात. अन् तुमची जेवाची येळ.”

तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. वळली तेव्हा डोळे लाल होते, आवाज मात्र तपासताना असतो तसा. “दीड वर्ष मी रोज आठवून राहिले, त्या दुपारी मी कुठं उभी होते, टावर कुठं येतो. दीड वर्ष, भाऊ.” मग खुर्चीत बसली. “उद्या सव्वा एकला मला फोन करा.”

“कायले?”

“करा. मी जेवत असंन. तरी करा.”

दुसऱ्या दिवशी जागेश्वरनं एक वाजताच माग थांबवला. आतून चरखा सुरू झाला. त्यानं फोन मांडीवर घेतला, नंबर काढला. अंगठा बटनावरून दोनदा मागे घेतला. सव्वा एक झाला, एक वाजून सतरा मिनिटं झाली. मग त्यानं डोळे मिटून दाबलं.

पहिल्याच घंटीला तिनं उचलला. “बोला, भाऊ.” तोंडात घास होता.

काही नाही, तुमी म्हणाले म्हणून केला, असं तो सांगणार होता. शब्द जुळवूनही ठेवले होते. पण आतला चरखा थांबला आणि त्याच्या तोंडून भलतंच निघालं.

“बाई, रुखमिणीचा जबडा दुखून राहिला. घाम फुटला तिले. लुगडं वलं झालं.”

तिकडं ताटात काहीतरी ठेवल्याचा आवाज आला.

“केव्हापासून?” तिनं विचारलं.

“आताच,” जागेश्वर म्हणाला. “आता चरख्यावरून उठली.”

“बसवा तिला. भिंतीला टेकवून. फोन ठेवू नका, भाऊ. मी निघाले.”

त्यानं ठेवला नाही. फोनातून स्कुटी सुरू झाल्याचा आवाज आला, बाजाराचा गलबला आला, वारा आला. तो कानाशी धरून बसून राहिला आणि आतल्या अंधाराकडे पाहून हळूच म्हणाला, “येऊन राहिली ते.”