जिंकणाऱ्याचं बिऱ्हाड

माझा नवरा फुटबॉलचा कोच आहे. आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. इथला, अमेरिकेतला, तो लांबुळका चेंडू काखेत मारून धावायचं आणि समोरच्यांनी अंगावर पडायचं, तो. नवरा युनिव्हर्सिटीच्या टीमचा हेड कोच. तो हात लावील ती टीम जिंकते असं लोक म्हणतात. असेल बाई. कौतुक ऐकून ऐकून माझे कान किटलेत.

या धंद्यात हरलं की हाकलून देतात आणि जिंकलं की दुसरी युनिव्हर्सिटी पळवून नेते. बिऱ्हाड दोन्ही वेळेला मीच आवरायचं. लग्न झालं तेव्हा तो कुणाच्या तरी हाताखाली असिस्टंट होता आणि मी फार्मसी शिकत होते. त्यानंतर पाच राज्यं झाली. फार्मसिस्टचं लायसन्स इथे प्रत्येक राज्याचं वेगळं. दर वेळी पोरीला सांभाळत मी त्या त्या राज्याचे कायदे घोकले, परीक्षा दिल्या, आणि जरा कुठे गिऱ्हाइकं नावाने हाक मारायला लागली की चला, गुंडाळा गाशा! आई फोनवर समजूत काढायची, "अगं, जावईबापूंची बदलीची नोकरी आहे असं समज. तुझ्या बाबांची नव्हती का?" बाबा बँकेत होते. बदलीची नोकरी म्हणे, डोंबल! बाबांच्या बदलीची निदान ऑर्डर तरी यायची, आणि ती आईला सगळ्यांत आधी कळायची.

माझं एक वेळ जाऊ दे. मी मोठी आहे, मला भांडता येतं. लेकीचं काय?

या गावात आलो तेव्हा ती नववीत होती. पहिलं वर्षभर ती डबा घेऊन लायब्ररीत बसायची, एकटी. मला शाळेतून कळलं. विचारलं तर खांदे उडवून म्हणाली, "व्हॉट्स द पॉइंट, आई? आपण जाणारच ना." त्याच दिवशी मी नवऱ्याला जेवणाच्या टेबलाशी बसवलं, तिच्यासमोर, आणि सांगितलं की आज काय ते बोल. त्याने तिचा हात हातात घेऊन शब्द दिला, "तुझं हायस्कूल संपेपर्यंत, बारावी होईपर्यंत, हे घर हलणार नाही." पोरीने तो शब्द खरा मानला. हळूहळू मैत्रिणी आल्या, मग त्यांनी आमचा फ्रिज रिकामा करायला सुरुवात केली. शाळेच्या नाटकांना ती लाइट्स करायला लागली. बारावीत सगळे लाइट्स तिच्या हातात येणार होते. कधी नव्हे ते पुढच्या वर्षाबद्दल बोलायला लागली होती माझी पोर.

ती अकरावीत असताना, डिसेंबरात, मी फार्मसीच्या काउंटरवर उभी होते. ब्लड प्रेशरच्या गोळ्या नेणारे एक आजोबा आले आणि आल्या आल्या माझ्यावरच तडकले, "सीझन संपेपर्यंत तरी थांबायचं होतं तुझ्या नवऱ्याने!" मी विचारलं, "कशासाठी?" त्यांनी मला आपला फोन दाखवला. बातमीत माझ्या नवऱ्याचा हसरा फोटो होता आणि खाली दुसऱ्या युनिव्हर्सिटीचं नाव. माझा चेहरा बघून आजोबाच ओशाळले. तेवढ्यात लेकीचा मेसेज आला. शाळेत तिला कुणीतरी तीच बातमी दाखवली होती. "इज इट ट्रू?" एवढंच विचारलं होतं. मी काय लिहिणार, कप्पाळ?

संध्याकाळी साहेब आले ते एक खोकं घेऊन. डोळे लाल. मला वाटलं, लाज वाटली असेल. छे! टीमच्या पोरांना भेटून आला होता. त्यांच्या गळ्यात पडून रडला होता. मला म्हणतो, "त्यांना बाहेरून कळायला नको होतं. म्हणून आधी तिकडे गेलो."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी काही बोलणार तोच लेक खाली आली आणि तिने खोकं उघडलं. आत नव्या टीमच्या रंगाची तीन जॅकेट्स होती. दुसऱ्या दिवशी तिकडे प्रेस कॉन्फरन्स होती. कोचच्या बायकोपोरांनी पहिल्या रांगेत तो रंग घालून हसत बसायचं अशी रीतच आहे. मी विचारलं, "मापं कधी दिलीस?" खोक्याकडे बघत म्हणाला, "थँक्सगिव्हिंगच्या आधी." म्हणजे महिनाभर हा माणूस आमच्याबरोबर जेवत होता, पोरीच्या नाटकाच्या गप्पा ऐकत मान डोलावत होता, आणि सगळं आधीच ठरलेलं होतं.

लेकीने जॅकेट चढवलं. बाह्या मनगटाच्या कितीतरी वर राहिल्या. माप नववीतल्या मुलीचं होतं.

"डॅड, मला कधी सांगणार होतास?"

"उद्या. विमानात."

तिने जॅकेट काढलं, घडी घालून खोक्यात ठेवलं आणि वर गेली. मी मात्र मूग गिळून बसले नाही. म्हटलं, "आम्ही उद्या येत नाही. नंतरही नाही. तिची शाळा संपेपर्यंत मी या घरातून हलत नाही." त्यावर त्याला चिंता कसली, तर, "कॅमेऱ्यांसमोर मी एकटा उभा राहू? लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "तू मॅचेस जिंक. लोकांची तोंडं आपोआप बंद होतात, तुला काय नवीन आहे का?"

दुसऱ्या दिवशी लेक शाळेत गेली नाही. स्वयंपाकघरात लॅपटॉप लावून बसली. मी म्हटलं, बंद कर ते मेलं. ऐकलं नाही. मग मीही शेजारी बसले.

नवरा नवं जॅकेट घालून बोलत होता. फॅमिली, फॅमिली, दर वाक्याला फॅमिली. एका पत्रकाराने विचारलं, घरचे कुठे आहेत? लेकीची परीक्षा आहे, म्हणाला. कसली परीक्षा नि कसलं काय! दुसऱ्याने विचारलं, लेकीला हे सांगितलंत तेव्हा ती काय म्हणाली?

तो थांबला. ते थांबणं मी ओळखते. टीममध्ये ओढायच्या पोरांच्या आयांना त्यांच्या घरी जाऊन "तुमचं पोरगं माझं पोरगं" असं सांगण्याआधी तो असाच थांबतो. मग आवाज जरा ओलसर करून म्हणाला, "ती म्हणाली, डॅड, ही संधी सोडलीस तर मी तुला कधीच माफ करणार नाही."

हॉलमध्ये हशा झाला, टाळ्या पडल्या. आणि माझी लेकही हसली, खरंखुरं, त्या सगळ्यांबरोबर. मग तिचं तिलाच कळलं तशी तोंडावर हात ठेवून माझ्याकडे वळली.

"ही इज सो गुड, आई," ती म्हणाली. "एक सेकंद मलाच वाटलं, मी खरंच तसं म्हणाले."