पोपटी फीत

ओसाकाच्या ताइशो भागात, स्टेशनापासून निघणाऱ्या झाकलेल्या बाजारगल्लीत, धुलाईचं एक दुकान आहे. तिथे सुमिएबाई गेली सत्तावीस वर्षं शर्टांना इस्त्री करतात. आधी कॉलर, मग खांदे, मग बाह्या. हा क्रम त्यांनी आजवर मोडलेला नाही. गल्लीत त्या इस्त्रीवाल्या म्हणूनच ठाऊक आहेत. पण महिन्याच्या दुसऱ्या रविवारी वॉर्डाच्या व्यायामशाळेत रिंग लागते आणि व्यावसायिक कुस्तीचे खेळ होतात. तिथे त्यांना या नावाने कुणीही ओळखणार नाही. तिथे त्या पोपटी मावशी.

ही कुस्ती आधी ठरवून होते, असं ऐकवणारा एक तरी शहाणा प्रत्येक घरात असतो. सुमिएबाईंच्या घरी तो मान नवऱ्याकडे होता. बिचारा आता नाही, पण होता तोवर खेळाच्या दर रविवारी न चुकता विचारायचा, "कोण जिंकणार ते ठरलेलंच असतं. बघायला काय जातेस?"

सुमिएबाई पायांत बूट चढवता चढवता म्हणायच्या, "लग्नात कोण कुणाच्या गळ्यात माळ घालणार हेही ठरलेलंच असतं. तरी तुम्ही जाता ना जेवायला?"

त्यांचा पैलवान होता इसोकावा दाइगो. मोठा तारा वगैरे मुळीच नव्हे. जाड भुवया, आखूड मान, शिकोकू बेटावरच्या मासेमारी गावातला. पहिल्यांदा रिंगमध्ये उतरला तेव्हा निवेदकाने त्याचं नाव पुकारलं आणि सभागृहात कुणी साधं खोकलंसुद्धा नाही. इथली रीत अशी, की नाव पुकारताच चाहत्यांनी आपल्या पैलवानाच्या रंगाच्या कागदी फिती रिंगमध्ये फेकायच्या. इसोकावासाठी एकही फीत आली नाही. तो कोपऱ्यात नुसता वाकून उभा राहिला. सुमिएबाईंना ते बघवेना. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्टेशनरीच्या दुकानात जाऊन फितींची रिळं मागितली. लाल, निळी, सोनेरी आधीच खपलेली. उरली होती पोपटी. मग इसोकावाचा रंग पोपटी झाला. पुढे त्याने बूट पोपटी केले, रिंगवर येताना घालायचा झगाही पोपटी शिवून घेतला.

फीत फेकणं म्हणजे पोरखेळ नव्हे. एकतीस मीटर कागद, आत पुठ्ठ्याची नळी. तसंच रीळ फेकलं आणि माणसाच्या डोळ्यावर बसलं, तर डोळा गेलाच. म्हणून जाणते चाहते घरी बसून नळी काढतात आणि सगळी फीत पुन्हा हाताने गुंडाळतात. सैल गुंडाळली तर हवेत विस्कटते, फार घट्ट गुंडाळली तर उलगडतच नाही. सुमिएबाई संध्याकाळी चहा घेत वीस-वीस रिळं गुंडाळायच्या. फेकताना शेवटचं टोक बोटाला धरून ठेवायचं, म्हणजे रीळ पुढे पळतं आणि फीत मागे उलगडत राहते. एकोणीस वर्षांत त्यांच्या रिळाने कुणाला ओरखडासुद्धा आला नव्हता. याचा त्यांना अभिमान होता, आणि मी म्हणतो, का नसावा?

इसोकावाची एक सवय होती. अंगावर पडलेल्या फितींतली एक तो उचलायचा, दातांत धरायचा, आणि घंटा वाजेपर्यंत तसाच समोरच्याकडे डोळे वटारून उभा राहायचा. घंटा झाली की फीत बुटात खोचायचा. बाकीच्या फिती गोळा करून टाकल्या जायच्या, ही एक त्याच्याजवळ राहायची.

खेळ संपले की चार-पाच जण फुमीच्या ओकोनोमियाकीच्या, म्हणजे कोबीच्या जाड धिरड्यांच्या, दुकानात, तापलेल्या तव्याभोवती बसायचे. फुमी उलथनं चालवताना बोलायची आणि बोलताना उलथनं चालवायची. तिथले न्यायाधीश म्हणजे ओगुरी, निवृत्त पोस्टमन. त्यांच्याकडे एकेचाळीस वह्या होत्या, प्रत्येक कुस्ती मिनिटासेकंदासह लिहिलेली. कोण कुणाला कुठल्या डावाने हरवलं, कुणाचा खांदा कधी निखळला, कुणी थांबायला हवं होतं आणि थांबलं नाही. गेलेल्यांचीही चर्चा व्हायची. आंघोळीच्या टबातच हृदय बंद पडलेला एक, डोक्याला मार बसून तीन दिवसांनी गेलेला एक. त्यांची नावं निघाली की फुमी बिअरचा एक ग्लास भरून तव्याच्या कडेला ठेवायची आणि घटकाभर कुणी वाद घालायचं नाही. मग पुन्हा सुरू.

दोन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात इसोकावा वरच्या दोरावर चढला आणि तिथून उलटी उडी मारायला गेला. ही उडी त्याने हजारदा मारली होती. त्या दिवशी अंग पुरतं फिरलं नाही आणि तो मानेवर पडला. इसोकावा वाचला, पण खांद्यांच्या खाली त्याला काही उरलं नाही. ना हात हलत, ना पाय.

पंधरा दिवसांनी ओगुरींनी त्या कुस्तीचं चित्रण फुमीच्या दुकानात आणलं. वाईट हेतू नव्हता. कुणाचा आजार समजून घ्यायचा तर ते वह्या उघडत, हाही त्यातलाच प्रकार. त्यांनी उडीची जागा थांबवून थांबवून, तसूतसूने पुढे नेली. दोरावरचा पाय सुटताना तळव्याखालून काहीतरी फडफडत बाहेर पडत होतं.

"पाय घसरलाय," ओगुरी म्हणाले. "बघा. फीत आहे पायाखाली."

फीत पोपटी होती. तव्याभोवतीचे सगळे आधी पडद्याकडे आणि मग सुमिएबाईंना टाळून भलतीकडे बघू लागले. सुमिएबाईंनी पिशवी उचलली, फुमीला वाकून नमस्कार केला आणि घरी गेल्या.

त्यानंतर त्या ना व्यायामशाळेत गेल्या, ना फुमीकडे. गुंडाळलेल्या रिळांची अकरा खोकी कपाटावर चढवून ठेवली. इस्त्री करताना मात्र हात चालू असला की डोकं रिकामं असतं, आणि त्या रिकाम्या डोक्यात एकच प्रश्न फिरायचा: माझ्या फितीने त्याची मान मोडली का? कुणाला विचारणार? विचारलं आणि उत्तर हो आलं तर? ओगुरी दोनदा दुकानात येऊन गेले, एकच शर्ट पुन्हा पुन्हा घेऊन. सुमिएबाईंनी तो इस्त्री करून दिला, हवापाण्याच्या गोष्टी केल्या आणि विषय तिथेच आवरला.

या मे महिन्यात बुधवारी सकाळी एक बाई काउंटरवर आली. तिने पिशवीतून पोपटी झगा काढून समोर ठेवला. सुमिएबाईंनी झगा लगेच ओळखला आणि बाईही ओळखली. इसोकावाची बायको, चिझुरू.

"रविवारी ह्यांचा निरोपाचा समारंभ आहे," चिझुरू म्हणाली. "तेव्हा हा घालायचाय. ह्यांनी सांगितलं, झगा तुमच्याकडेच द्यायचा."

सुमिएबाईंनी झगा हातात घेतला, पावती लिहायला पेन उचललं आणि पेन तसंच खाली ठेवलं. दोन वर्षं जे तोंडातून निघालं नव्हतं ते त्या एका दमात बोलून गेल्या. फीत माझी होती. मला माफ करा.

चिझुरूने फोन लावला, दोन शब्द बोलली आणि फोन काउंटरवर झग्याशेजारी ठेवला. पलीकडून आवाज आला. बारीक झाला होता, पण शिकोकूचा हेल तोच.

"मावशी, तुम्हाला हे कुणी सांगितलं ते मला ठाऊक आहे. त्या पोस्टमन आजोबांनी मला नऊ पानांचं पत्र लिहिलंय. सात पानं माफी आणि दोन पानं आकडे."

सुमिएबाई फोनकडे वाकल्या.

"पाय घसरला नाही. उजवा गुडघा गेला होता. आठ महिने. डॉक्टरांनी खेळू नका म्हणून सांगितलं होतं. मी हिच्यापासून लपवलं, कुस्तीच्या कंपनीपासून लपवलं. त्या दिवशी उडायला जोर लावला आणि गुडघ्याने जोरच दिला नाही. फीत माझ्या बुटातली होती, रोजच्यासारखी. ती आधीही निसटायची. इतकी वर्षं बघता तुम्ही लोक, आणि गुडघा एकालाही दिसला नाही."

"दिसला होता," सुमिएबाई हळूच म्हणाल्या. "फीत उचलायला तुम्ही डाव्या पायावर वाकायला लागला होता. मला वाटलं, नवीन ढब आहे."

फोनवर इसोकावा हसायला लागला. त्याचं हसणं खोकल्यावर गेलं. चिझुरूने डोळे पुसले आणि तीही हसली. सुमिएबाई मात्र काउंटरमागे भोकाड पसरून रडल्या. मालकाने आतून डोकावून बघितलं आणि पुन्हा आत गेला.

मग इसोकावाने कामाचं सांगितलं. कंपनीने रविवारच्या समारंभात फिती बंद ठेवल्या होत्या. चाकांच्या खुर्चीतल्या माणसाला हात वर करून तोंड झाकता येत नाही, ही त्यांची भीती. भांडून भांडून त्याने एका फितीची परवानगी मिळवली होती. फक्त एक.

"खाली मला काही कळत नाही," तो म्हणाला. "खांद्यावर कळतं. डाव्या खांद्यावर टाका. पुढचं माझं मी बघतो."

त्या संध्याकाळी पाचलाच सुमिएबाई फुमीच्या दुकानात गेल्या. ओगुरी त्यांना बघून उठून उभे राहिले आणि कमरेतून इतके वाकले की त्यांचा चष्मा तव्यापासून वीतभर राहिला.

"आधी बसा," सुमिएबाई म्हणाल्या. "मला तुमची खुर्चीसकट गरज आहे."

पुढचे तीन दिवस, रोज सकाळी सहाला, नदीकाठच्या बागेत एक निवृत्त पोस्टमन लाकडी खुर्चीत हात मांडीवर ठेवून निश्चल बसलेला लोकांनी पाहिला. दहा मीटरवरून एक बाई त्याच्यावर पोपटी रिळं फेकत होती. गुरुवारी रिळं नाकावर, कानावर, आणि एक मागच्या बदकांत गेलं. हात बसलेला नव्हता. शुक्रवारी खांदा सापडला, पण उजवा. शनिवारी बारापैकी आठ डाव्या खांद्यावर पडली. फुमी म्हणाली, आठ म्हणजे वाईट नाही. ओगुरी म्हणाले, सहासष्ट पूर्णांक सहा टक्के. फुमीने त्यांना गप्प बसायला सांगितलं. त्या रात्री झोपण्याआधी सुमिएबाईंनी एक नवं रीळ उघडलं, नळी काढली आणि दोनदा उलगडून तिसऱ्यांदा गुंडाळलं. जुन्या अकरा खोक्यांतलं घ्यायला त्यांचं मन होईना.

रविवारी दुपारी व्यायामशाळा भरली होती. चौघांनी खुर्ची उचलून रिंगमध्ये ठेवली. झग्याला सुमिएबाईंनी अशी इस्त्री केली होती की घडीच्या रेषा दुसऱ्या रांगेतूनही दिसत होत्या. आत माणूस निम्मा झाला होता. भुवया तेवढ्या शाबूत होत्या. दिवे मंद झाले आणि घंटेचे दहा ठोके पडले, निरोपाच्या माणसासाठी पडतात तसे, एकेक सुटा. शेजारी ओगुरी मोजत होते, जणू कुणी एखादा कमी वाजवेल.

दिवे पुन्हा लागले. निवेदकाने शेवटचं नाव पुकारलं. लाल कोपरा. शिकोकूचा. एकशे दोन किलो. वजनाचा तो आकडा आता खरा नव्हता हे सगळ्यांना दिसत होतं, आणि निवेदकाने तो पूर्वीपेक्षाही जोरात म्हटला. इसोकावा, दाइगो.

सुमिएबाईंनी टोक बोटाला धरलं आणि फेकलं.

रीळ दोराच्या वरून गेलं, दिव्याखाली उलगडत गेलं, आणि जरा लांब पडतंय असं त्यांना वाटलं. ते डाव्या खांद्याच्या मागच्या कडेला टेकलं आणि घसरू लागलं. इसोकावाने मान वळवली, ज्या मानेबद्दल दोन वर्षं सगळे बोलत होते तीच मान, हनुवटी खांद्यावर दाबली आणि फीत दातांत पकडली.

मग त्याने समोर बघितलं आणि डोळे वटारले.

"इसो" अशी आरोळी मागून उठली आणि थांबेचना. ओगुरी मान खाली घालून वहीत लिहीत होते, आणि कागदावर पाणी पडत होतं म्हणून वैतागत होते. दोन वर्षांपूर्वीच्या पानावर त्यांनी सकाळीच लाल शाईने काट मारून शेजारी लिहिलं होतं: पाय घसरला नाही, उजवा गुडघा, चूक ओगुरीची.

सुमिएबाई उभ्याच होत्या. फितीचं दुसरं टोक अजून त्यांच्या बोटाला होतं. इसोकावाने डोकं मागे नेऊन एक हिसका दिला, आणि तो त्यांना बोटात लागला. त्यांनीही हळूच एक हिसका दिला, फीत तुटणार नाही एवढाच.