रिकाम्या जीपचा आवाज

देवरुखच्या पलीकडे डोंगरातल्या वाड्यांपर्यंत एस.टी. पोचत नव्हती, त्या काळातली ही हकिगत. ब्याऐंशी-त्र्याऐंशी साल धरा. तिथं जायची ती रावजीची जीप. जुनी, फोर बाय फोर. पावसाळ्यात रावजी दांडी ओढून पुढची चाकंही जोडायचा, आणि जीप रेड्यासारखी मुसंडी मारून चिखलातून वर यायची. बाजाराच्या दिवशी तिच्यात माणसं किती बसत हे विचारू नका, कोंबड्या वेगळ्या. एकदा एक बोकड रावजीच्या मांडीवर डोकं टेकून झोपला तो देवरुखात पोचल्यावर उतरायलाच तयार होईना!

असा गजबजाट दिवसभर. संध्याकाळी मात्र शेवटचं गिऱ्हाईक शाळेपाशी उतरलं, की पुढची घरापर्यंतची चढण रिकामीच. श्रावणात रावजीची बायको विमला तापानं गेली. मूलबाळ नव्हतं. आणि थंडी पडायला लागली तशी त्या चढणीवर जीप वाजायला लागली. किट्-किट्, किट्-किट्. अगदी बारीक. मागच्या बाकावर बसून कुणी नखानं पत्रा वाजवावा तसं.

माणसं बसलेली असली की चूप. रावजी एकटा असला की किट्-किट्.

त्यानं हे शेजारच्या सगुणावैनीला सांगितलं, आणि तिथंच चुकलं. वैनी म्हणाली, "भावजी, ती विमल हाय. जीव अडाकलाय तिचा. देवाला गाऱ्हाणं घाला." झालं, वाडीभर बोभाटा. धोंडू तर भर बाजारात ओरडला, "रावजी, मागं जागा हाय काय, का विमलवैनी बसल्येत?" माणसं हसली. रावजीही हसला. पण रोज संध्याकाळी त्या चढणीला त्याची मान मागं वळायची. बाकावर कुणी नाही हे बघून आधी हायसं वाटायचं, आणि मग फार वाईट. आपलं डोकं फिरत चाललंय, ही एकच भीती त्याला आतून कुरतडू लागली.

शेवटी तो जीप घेऊन रत्नागिरीजवळ मिरजोळ्याला हारुनमिस्त्रीकडे गेला. हारुन मूळचा पूर्णगडचा, तरुणपणी मासेमारीच्या मचव्यांच्या इंजिनांवर हात बसलेला. अंगानं असा, की तो जीपमध्ये बसला की जीप आधी त्याला वाकून सलाम करायची.

"क्लच दाबल्यावर थांबतो आवाज?"

"नाय."

"गाडी पळवली की जलद होतो?"

"होय."

"मग इंजिन नाय. खालचं काय तरी हाय. चल."

दोघं सड्यावर, गावाबाहेरच्या उघड्या कातळपठारावर गेले. रावजी चालवायला, हारुन मागच्या बाकावर कान लावून. आवाज नाही. हारुननं पुढच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट सोडवून बाजूला ठेवला, परत फेरी मारली. आवाज नाही. खड्ड्यातून नेली, मातीतून नेली. जीप नव्या नवरीसारखी गप्प.

"रावजी, गाडी ठणठणीत हाय रे तुझी."

रावजीनं जीप थांबवली. "म्हणजे माझंच डोकं," एवढंच म्हणाला.

बोलायला सुचलं नाही की माणूस लघवीला जातो. हारुनही उतरून करवंदीच्या जाळीकडे निघाला. रावजीनं वळवायला म्हणून जीप पुढं घेतली. रिकामी.

किट्-किट्. किट्-किट्.

हारुन नाडा हातात धरून तसाच धावत सुटला. "थांब! अरे, थांबू नको, चालव! वाजताय रे, वाजताय!"

"तुलापण आयकू येताय?"

"मी काय बहिरा हाय? मागच्या शाफ्टातून येताय!"

रावजीनं ब्रेक मारला, खाली उतरला आणि कातळावर बसला. टोपीनं डोळे पुसत राहिला. हारुन नाडा बांधण्याचं निमित्त करून पाठमोरा उभा राहिला.

मग सगळं उलगडलं. जीप रिकामी असली की मागच्या स्प्रिंगांचे पाटे वर उचललेले राहत, आणि मागच्या चाकांना फिरवणारा लांब शाफ्ट जास्त तिरका फिरे. माणसं बसली की पाटे दबून तो सरळ होई. शाफ्टच्या सांध्यातला चार टोकांचा लोखंडी क्रॉस सुकला होता. तिरकं फिरावं लागलं की किटकिटे. आणि हारुन बसल्यावर कुठला पाटा वर राहणार?

गॅरेजात क्रॉस उघडला. ग्रीसचं नाव नाही. आतून गंजाची तांबडी भुकटी हारुनच्या तळहातावर सांडली, कुंकवासारखी.

"दसऱ्याला ग्रीस नाय मारलंस?"

रावजीची रीत ठरलेली. पावसाचं पाणी ग्रीस धुऊन नेतं, म्हणून दसऱ्याच्या आदल्या दिवशी जीप वहाळावर धुवायची. मग त्यानं खाली शिरून सांध्यासांध्यात ग्रीस भरायचं आणि विमलानं हातातल्या बॅटरीचा उजेड धरायचा. दुसऱ्या दिवशी झेंडूची माळ.

"औंदा दसरा नव्हता आमच्याकडं," रावजी म्हणाला.

"अरे, सण तुला नव्हता. क्रॉसला कसलं सुतक?" हारुन बोलून गेला आणि लगेच आवाज खाली आणला. "असाच राहिला असता तर घाटात भरल्या गाडीनिशी शाफ्ट गळून पडला असता, बाबा."

नवा क्रॉस बसला. रावजी घुटमळला. "आता अजिबात नाय वाजणार?"

"वाजला तर हारुन नाव नाय सांगणार."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेवटचं गिऱ्हाईक शाळेपाशी उतरलं. रावजी चढणीला लागला. इंजिनाची घरघर, चाकाखालची खडी, बाकी काही नाही. अर्ध्या वाटेत त्याची मान सवयीनं मागं वळली. बाक रिकामा होता. नुसता रिकामा.

सगुणावैनी अंगणात उभीच होती. "गेली काय ती?"

"क्रॉस गेला होता, वैनी," रावजी म्हणाला आणि घरात गेला.

शिमग्याच्या आधी त्यानं ग्रीसची पिचकारी काढली. जीपखाली उताणा सरकला. एका हातात पिचकारी, दुसऱ्यानं शाफ्ट धरलेला, म्हणून बॅटरी दातांत. उजेड भलतीकडेच पडत होता.

"वायच डावीकडं धर," तो म्हणाला. तोंडात बॅटरी, त्यामुळे शब्द नीट उमटलेही नाहीत. मग त्यानं आपली आपणच मान डावीकडं वळवली.