हास गो, लाली लावते

पनवेल तालुक्यात माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या हातून ज्यांचे गाल परवापरवापर्यंत सुटले होते, असे जीव दोनच: एक मी आणि दुसरी आमच्याकडे पूर्वी असलेली म्हैस. त्यातल्या म्हशीबद्दल मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, कारण एका दिवाळीच्या पाडव्याला तिची शिंगं रंगवायला जाऊबाई एकट्याच गोठ्यात गेल्या होत्या, आणि बाहेर आली तेव्हा म्हैस मला नेहमीपेक्षा टवटवीत वाटली होती. बाकी नवऱ्या, करवल्या, विहिणी, हळदीला गाणी म्हणायला आलेल्या म्हाताऱ्या, बारशाला पाळण्यात पडलेली तान्ही मुलगी, कुणी म्हणजे कुणी सुटलेलं नाही. दुकानात ज्याला ब्लश म्हणतात त्याला जाऊबाई लाली म्हणतात. लाली नसेल तर तो माणसाचा चेहराच नव्हे, ती नुसती डोक्याची पुढची बाजू, असं त्यांचं ठाम मत आहे. आमच्या जुन्या घराच्या जागी बिल्डरने इमारत उभी केली, तिच्यात खालच्या मजल्यावर त्या आणि वरच्या मजल्यावर मी राहते. म्हणजे रोज सकाळी शाळेत शिकवायला निघाले, की मला त्यांच्या दारावरूनच जावं लागतं. त्या दारात उभ्याच असतात. "अशीच चाललीस? बोंबलासारखी?" हा माझा रोजचा आशीर्वाद आहे.

त्यांची पद्धत अशी. तुम्हाला खिडकीकडे तोंड करून स्टुलावर बसवायचं, डाव्या हाताने हनुवटी अशी धरायची की सुटायची सोय नाही, आणि फर्मान सोडायचं, "हास गो." नुसते दात दाखवून भागत नाही. खोटं हसू त्यांना लगेच कळतं. "असं नाय, पोटातनं हास," म्हणतात, आणि तुम्हाला पोटातून हसू यावं म्हणून स्वतःच कुणाची तरी फजिती सांगायला घेतात. त्या फजितीत बहुतेक वेळा माझा नवरा असतो. माणूस हसला की गाल वर येतात, बटाटेवड्यासारखे फुगतात, आणि त्या फुगवट्याच्या बरोब्बर शेंड्यावर जाऊबाई ब्रश टेकवून गोल गोल फिरवतात. इथपर्यंत सगळं झकास. पंचाईत होते ती माणूस हसायचा थांबल्यावर. गाल खाली उतरतात, त्यांच्याबरोबर लालीही उतरते आणि जबड्याजवळ जाऊन बसते. मग तेच हसरं माणूस दोन्ही बाजूंनी थोबाडीत खाऊन आल्यासारखं दिसायला लागतं. हे मी त्यांना एकदा सांगून पाहिलं. त्यांनी माझीच कीव केली. "मंग हसायचं थांबायचं कशाला?" असा साधा प्रश्न विचारून त्या पुढच्या बाईकडे वळल्या.

त्यामुळे आमच्या घराण्यातले लग्नाचे अल्बम म्हणजे बघण्यासारखी चीज आहे. सगळ्या बायका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत हसताहेत. मंगलाष्टकांना हसताहेत, जेवताना हसताहेत, नवरी आईच्या गळ्यात पडून रडतेय आणि मागे उभ्या असलेल्या चौघी गाल आवळून हसताहेत. पण सरकार काही हसू देत नाही. सासूबाईंच्या आधार कार्डाच्या फोटोला जाऊबाईंनी त्यांना मोठ्या हौसेने रंगवून नेलं. तिथला माणूस म्हणाला, "आजी, तोंड मिटा, सरळ बघा." आजींनी तोंड मिटलं. ते कार्ड पुढे रेशनच्या दुकानात दाखवलं, तेव्हा दुकानदाराने एकदा फोटोकडे बघितलं, एकदा जाऊबाईंकडे बघितलं आणि सासूबाईंना हळूच विचारलं, "आजी, घरी सगळं बरं आहे ना?"

रंगांची नावं त्यांनी स्वतःच ठेवली आहेत आणि सगळी स्वयंपाकघरातली आहेत. कंपनीने डबीवर काय लिहिलंय त्याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. बाजारपेठेतल्या दुकानात जाऊन त्या सरळ "उकडलेल्या कोलंबीचा द्या" म्हणतात, आणि इतक्या वर्षांनी तो बिचारा दुकानदार नेमका तोच काढून देतो. गोऱ्या नवरीला कोलंबी, सावळीला आमसूल, वयस्कर बाईला कलिंगड. हळदीच्या दुसऱ्या दिवशी नवरीच्या तोंडावर हळद मुरलेली असते, तिच्यावर गुलाबी रंग लावला की तो नारिंगी होतो, म्हणून त्या दिवसासाठी बीट. कुणाच्या घरी कुणी गेलं, तर भेटायला जातानासुद्धा त्या लाली लावून जातात, फक्त जरा फिकी. एकदा मला राहवलं नाही, मी म्हटलं, "वहिनी, निदान आज तरी नको." तर म्हणाल्या, "मेलेला गेला गो, आपन कशाला मेल्यासारखं दिसायचं?"

भाऊजी म्हणजे त्यांचे यजमान. कळंबोलीच्या लोखंड बाजारात त्यांचं सळ्यांचं गोडाऊन आहे. माणूस मितभाषी, पण बोलला की सळईच टोचतो. "आमच्या गोडाऊनात सगल्या सल्यांना हाच रंग चढलाय, तो फुकट हाय," असं ते बायकोच्या डब्यांकडे बघून म्हणतात. त्यांच्यावर जाऊबाईंनी सूड उगवला तो पन्नाशीच्या वाढदिवसाला. मित्रमंडळींनी चौकात फ्लेक्स लावायचा ठरवला, फोटो काढायला माणूस घरी आला आणि ऐन वेळी जाऊबाईंनी नवऱ्याची हनुवटी धरली. फोटोत म्हणे काही कळत नव्हतं. पण तोच फोटो मोठा होऊन चौकात दोन खांबांच्या मध्ये चढला, तेव्हा भाऊजींचे दोन गाल हायवेवरून दिसायला लागले. खाली लिहिलं होतं, "आमचे प्रेरणास्थान." फ्लेक्स उतरेपर्यंत भाऊजी गोडाऊनला मागच्या गल्लीतून जात होते. कुणी म्हणे ताप आलाय, कुणी म्हणे दुपारीच घेतलेली दिसते. ही गोष्ट म्हणजे जाऊबाईंचं हुकमी हत्यार. कितीही रुसलेली नवरी असू दे, फ्लेक्सची गोष्ट काढली की ती हसलीच पाहिजे, आणि ती हसली की ब्रश टेकलाच.

एवढं सगळं ज्या एका दिवसासाठी चाललं होतं, तो दिवस म्हणजे त्यांच्या श्रुतीचं लग्न. एकुलती एक मुलगी. ती पाळण्यात होती तेव्हापासून जाऊबाई सांगत आल्या होत्या, "सगल्यांच्या पोरी मी रंगवल्या, माजी मी अशी रंगवीन का बघत राहाल." गावातल्या प्रत्येक नवरीवर त्यांनी श्रुतीचाच सराव केला, असं म्हटलं तरी चालेल. श्रुतीचं जासईच्या मुलाशी जमलं, साखरपुडा झाला आणि एका रविवारी आम्ही सगळे जेवत असताना श्रुती म्हणाली, "आई, मी मुंबईची मेकअपवाली बुक केलीय. तू माझ्या तोंडाला हात लावायचा नाहीस. प्लीज." मी घास तसाच हातात धरून बसले. आता ताट उडणार, असं मला वाटलं. खरं सांगते, मला आतून थोडी गंमतही वाटत होती, बरी जिरली म्हणून. पण जाऊबाई म्हणाल्या, "बरं." एवढंच. उठल्या आणि कुणी मागितलेलं नसताना आत भाकऱ्या थापायला गेल्या. बऱ्याच वेळाने मी आत डोकावले तर परातीत पीठ कोरडंच होतं आणि त्या नुसत्या उभ्या होत्या. माझी गंमत तिथेच संपली.

लग्नाच्या दिवशी त्यांनी शब्द पाळला. म्हणजे त्यांच्या परीने पाळला. उरण रस्त्यावरच्या हॉलमध्ये नवरीच्या खोलीत त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. कमरेला रुमालाची पुरचुंडी खोचलेली होती. आत काय आहे हे मला विचारायची गरजच नव्हती. मुंबईची मुलगी आली. तिच्याकडे गोल दिवा, पेट्या, ब्रशांचा पट्टा, सगळा सरंजाम. दर थोड्या वेळाने जाऊबाई विचारायच्या, "गालाचं झालं काय?"

"आंटी, आपण न्यूड लुक करतोय," ती मुलगी म्हणाली.

जाऊबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "म्हणजे काही लावलंच नाही असं दिसायचं."

"काय लावलंच नाय असं दिसायला मुंबईवरनं बाई कशाला आनायची?"

"वहिनी, हळू!"

मग ती मुलगी एकदाची गालांकडे वळली आणि श्रुतीला म्हणाली, "हसू नका हं, मॅम. चेहरा एकदम सैल सोडा." ब्रश गालाच्या हाडावर टेकवून तिने कानाकडे वर नेला, अगदी हलका, आहे की नाही असा. जाऊबाईंनी माझं मनगट आवळलं. "नवरीला हसू नको सांगते गो ही!" त्यांच्या डोळ्यांत खरोखर भीती होती. मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना पाणी आणून दिलं.

लग्न लागलं. श्रुती छान दिसत होती, खोटं कशाला बोलू. दिवसभर तिच्या डोळ्यांतून टिपूस आला नाही, आणि पाठवणीच्या आधी भाऊजींनी, त्या सळईसारख्या माणसाने, तिच्या डोक्यावर नुसता हात ठेवला मात्र, पोरगी जी फुटली ती आवरेचना. काजळ खाली, पावडरीच्या रेघा, नाक लाल. मुंबईची मुलगी केव्हाच दुसऱ्या लग्नाला निघून गेली होती. बाहेर गाडी फुलं लावून तयार, जासईला सगळं गाव नव्या सुनेचं तोंड बघायला थांबलेलं. आम्ही तिला कशीबशी खोलीत आणली. तिने आरशात बघितलं, मग आईकडे बघितलं आणि म्हणाली, "आई, लाव ना."

जाऊबाईंना पुरचुंडीची गाठ सुटेना. शेवटी मी सोडली. आत नवी कोरी डबी होती, आमसुलाच्या रंगाची, कारण श्रुती आईसारखीच सावळी आहे. त्यांनी पदराने तिचं तोंड पुसलं, डाव्या हाताने हनुवटी धरली आणि सवयीने म्हणाल्या, "हास गो."

श्रुती हसायला गेली आणि तोंड वाकडं होऊन पुन्हा रडायला लागली. तेव्हा जाऊबाईंनी हुकमी गोष्ट काढली. "तुज्या बापाचा फ्लेक्स लागला व्हता ना चौकात..." एवढं म्हणाल्या. पुढची गोष्ट आलीच नाही. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या, कुणालाच हसू येत नव्हतं, आणि बाहेरून गाडीचा हॉर्न वाजत होता. मग जाऊबाईंनी जन्मात पहिल्यांदा न हसणाऱ्या गालाला ब्रश लावला. फुगवटा सापडेना, म्हणून चाचपडत हाडावरूनच वर नेला, ब्रश नीट टेकलाच नाही म्हणून रंगही हलकाच बसला. आणि काय सांगू, ती लाली अशी काही जागेवर बसली, की त्या रडक्या पोरीचा चेहरा एकदम उजळला. मी आजवर त्यांच्या हातची तेवढी एकच लाली बरोबर लागलेली पाहिली आहे. श्रुतीने आरशात बघितलंसुद्धा नाही. आईच्या गळ्यात पडली, आणि आईच्या खांद्यावर आमसुली डाग उमटला. ती साडी जाऊबाईंनी अजून धुवायला टाकलेली नाही.

जासई पनवेलपासून असं कितीसं लांब आहे? पण त्या रस्त्याला कंटेनरच्या ट्रेलरची रांग लागली की परदेशातली मुलगी आधी घरी पोचेल. श्रुती निघते म्हणते आणि मग अर्ध्या वाटेतून फोन करते, "आई, गाडी हलतच नाही गं, मी परत जाते." खालच्या मजल्यावर आता भाऊजी गोडाऊनला गेले की कुणी नसतं. म्हणून रविवारी दुपारी माझ्या दाराची बेल वाजते. जाऊबाई डबी घेऊन उभ्या असतात. "आज तरी बस गो," म्हणतात. एवढी वर्षं मी भांडून वाचवलेले गाल, पण आता मी गपचूप स्टूल ओढते आणि खिडकीकडे तोंड करून बसते.

लाली कुठे लावायची, हे मला आता पुराव्यानिशी सांगता येईल. श्रुतीला ती का खुलली, हेही सांगता येईल. रविवारी दर वेळी ते माझ्या ओठांवर येतं. पण तेवढ्यात त्या माझी हनुवटी धरतात आणि म्हणतात, "हास." मी हसत नाही असं बघून माझ्या नवऱ्याची कुठलीतरी फजिती सांगायला लागतात, आणि सांगता सांगता आधी स्वतःच हसतात. आठवडाभरात त्या हसलेल्या मला तेव्हाच दिसतात. मग मलाही हसू येतं, अगदी पोटातून, माझे गाल वड्यासारखे फुगतात आणि जाऊबाई शेंड्यावर ब्रश टेकवतात. त्या खाली गेल्या की लालीही खाली उतरते. मी आरशात बघते, थोबाडीत खाल्ल्यासारखी दिसते. संध्याकाळी तोंड धुताना मी गाल तेवढे सोडून धुते.