बेचाळीस पिशव्या, एकच राब

ट्रेमध्ये माती ओतली, बोट फिरवलं, तर बोट काळं. कोळशाचे बारीक तुकडे आणि राख. दुसरी पिशवी ओतली. तेच. पाचवी, दहावी, विसावी. प्रत्येकीवर वेगळ्या शेतकऱ्याचं नाव, वेगळा गट नंबर आणि आत तीच भुसभुशीत राखाडी माती. खडवलीपलीकडच्या एका गावाहून आलेल्या बेचाळीस पिशव्या होत्या. माझं डोकं सणकलं.

मी कोलशेतच्या एका माती परीक्षण लॅबमध्ये केमिस्ट आहे. शेतातली माती आमच्याकडे येते, आम्ही ती तपासून कार्ड देतो. भाताला युरिया किती टाकायचा, ते त्यावर लिहिलेलं असतं. युरिया म्हणजे नत्राचं खत. नत्र कमी पडलं तर भात पिवळा पडतो, लोंब्या भरत नाहीत. जास्त झालं तर भात नुसता माजतो आणि वारा आला की आडवा होतो. कार्डावरचा आकडा चुकला तर एका घराचा वर्षाचा तांदूळ चुकतो.

आता हा कोळसा कुठला, ते सांगते. आमच्याकडे भाताची रोपं तयार करायला शेताच्या एका कोपऱ्यात उन्हाळ्यात शेण, पालापाचोळा, फांद्या पसरून जाळतात. त्याला राब म्हणतात. पाऊस पडला की तिथे बी पेरायचं आणि रोपं मोठी झाली की उपटून बाकीच्या खाचरांत लावायची. राबाची माती कसदार, पण तेवढ्याच तुकड्यापुरती. तिच्यावरून अख्ख्या शेताचं खत ठरवणं म्हणजे लग्नाची पंगत बघून या घरात रोज काय शिजतं ते सांगणं.

नमुना घ्यायची रीत अगदी साधी आहे. शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी वीतभर खणायचं, सगळी माती एकत्र करायची आणि त्यातली अर्धा किलो पिशवीत भरायची. राब, उकिरडा, बांध टाळायचे. यासाठी एक कंत्राटदार नेमलेला. त्याला फोन लावला.

"मॅडम, एकाच गावची माती ना? इथली काय, तिथली काय, सारखीच असणार."

"मग बेचाळीस कार्डं कशाला? एकच छापते, देवळात लावा!"

"अहो, बाहेर ऊन किती आहे..."

"शेतकऱ्याला लागत नाही वाटतं ऊन?"

फोन कट. मी तशीच दामले सरांच्या केबिनमध्ये घुसले. सर आमच्या लॅबचे हेड.

"सर, ही सगळी राबाची माती आहे. सेंद्रिय कर्ब भरमसाट दिसणार आणि कार्ड युरिया कमी करायला सांगणार. नमुने परत घ्यायला हवेत."

सेंद्रिय कर्ब म्हणजे मातीत कुजून मिसळलेल्या काडीकचऱ्याचं माप. तो जास्त दिसला की युरिया कमी लिहिला जातो.

"पुढच्या आठवड्यात कार्डवाटप आहे, मॅडम. पाहुणे ठरलेत, मंडप ठरलाय."

"युरिया मंडपाला टाकायचाय का, सर?"

"चिडू नका हो. पिशवीत येईल ते आपण तपासायचं. मागच्या वर्षी याच माणसाचे नमुने होते, याच गावचे. तुम्हीच सही केलीत ना? आली एक तरी तक्रार?"

सही माझीच होती. मागच्या वर्षी माती कुटून, चाळून आलेली. कोळसा दिसायचा प्रश्नच नव्हता. पण आकडे मात्र सगळे सारखे होते, आणि ते मला दिसलेले. मला तेव्हा वाटलेलं, एकाच गावची माती, सारखीच असणार. कंत्राटदाराचंच वाक्य!

दुसऱ्या दिवशी मी खडवलीला उतरून रिक्षाने त्या गावात गेले. रस्त्याला लागूनच एक राब होता, काळाकुट्ट, आणि त्यात फावड्याचे खड्डेच खड्डे. राब यमुनाबाईंचा. साठीच्या असतील.

"सगल्या पिशव्या हितंच भरल्या त्यानी," त्या म्हणाल्या. "मी इचारला, तर बोलला, मावशी, चालतंय."

मी लॅबमधून आलेय म्हटल्यावर त्या घरात गेल्या आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं मागच्या वर्षीचं कार्ड घेऊन आल्या. गावात बाकीच्यांनी कार्ड वाशात खोचून ठेवलं आणि नेहमीसारखा युरिया टाकला. त्यांचा भात बरा आला. यमुनाबाईंनी मात्र अंगणवाडीच्या बाईंकडून कार्ड वाचून घेतलं आणि लिहिलाय तेवढाच टाकला.

"घरवाला बोलला, आजून थोडा टाक. मी बोलली, शिकल्याल्या बाईनी लिवलाय, तिला जास्ती कलतंय का तुला? भात पिवलाच राहला, बाय. होलीलाच घरचा तांदूल संपला." त्यांनी कार्डाच्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "ही सही कुनाची?"

"माझी."

"तू आमची माती बगितली होतीस?"

"नाही, मावशी."

"मग सही कशाला केलीस?"

दोन दिवस मी जगाला जाब विचारत फिरत होते. हा प्रश्न मला स्वतःला विचारायचं सुचलं नव्हतं. लाज वाटली, आणि राग आला तो माझाच.

या वर्षीच्या कार्डांवर मी सही केली नाही. मंडप पडला, पाहुणे आले, भाषणं झाली. त्या गावाची कार्डं तेवढी निघाली नाहीत. सर महिनाभर माझ्याशी कामापुरतं बोलले. बेचाळीस शेतांत नमुने परत घेतले, प्रत्येक ठिकाणी मी सोबत उभी होते. यमुनाबाईंच्या खाचरात सेंद्रिय कर्ब अगदीच कमी निघाला.

लावणीच्या आधी मी त्यांचं नवं कार्ड स्वतः घेऊन गेले.

"या वेळी माती बगितलीस?"

"बघितली. तुमच्याच खाचरातली."

"बरा केलास," त्या म्हणाल्या. कार्ड हातात घेतलं, आणि वाचून न घेताच वाशात खोचलं. "औंदा घरवाल्याला इचारून टाकीन."

आकडा या वेळी अगदी बरोबर होता. सहीआधी पिशवीत बोट घालायचं असतं, हे मला चौदा वर्षं सह्या केल्यावर कळलं.